दारापासून दहा फूट दीड इंच

माझ्या मुलीला शाळेत ‘आपल्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू’ या विषयावर एक पान लिहून न्यायचं होतं. आम्ही आधी राहत होतो त्या मिठागरावरच्या लाकडी घराबद्दल तिने लिहिलं. बाईंनी खाली लाल शाईत शेरा दिला : ‘किल्ला, लेणी किंवा देऊळ निवडावे. कामगारांची खोली ही वास्तू नव्हे.’ मुलगी रडली नाही. त्या बाबतीत ती आईवर गेली आहे. तिने वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, “बाबा, तुमच्याकडे मापं आहेत ना? लिहा.”

मापं आहेत. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. तयार झालेला भाग मापात बसतो की नाही हे बघणं माझं काम, आणि हाताला लागलेली सवय घरी आल्यावर सुटत नाही. त्या घराची लांबी एकवीस फूट. दाराकडची रुंदी अकरा फूट चार इंच. खाडीकडची रुंदी आठ फूट दोन इंच. दोन्ही बाजूंच्या भिंतींना प्रत्येकी चौदा फळ्या, सगळ्या सागवानी. हे घर एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं का, हे कळायला मला तिथे दीड महिना लागला, कारण मी नुसतं मोजत राहिलो, कुणाला विचारलं नाही. माझी ही खोड पुढेही नडणार होती.

आम्ही तिथे राहायला गेलो ते आणीबाणीच्या आदल्या वर्षी. लग्नाला चार महिने झाले होते. नवं शहर तेव्हा बरंचसं नकाशावरच होतं. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने होते, खाडीला लागून जुनी गावं होती, आणि माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांना खोल्या नव्हत्या. खोली बघायला गेलो की आधी आडनाव विचारत, आणि आडनाव सांगितलं की ती खोली नेमकी कालच गेलेली असे. सहा ठिकाणी असं झालं. सातव्या ठिकाणी, गावाच्या कडेला जाळं सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “वजन किती तुजा?”

मी गोंधळलो, पण आकडा माहीत होता. “बावन्न किलो.”

“आनि बायकोचा?”

“चव्वेचाळीस असेल.”

त्याने मनातल्या मनात बेरीज केली. “चालतंय. घर हलका हाय, म्हनून इचारला. ये ऱ्हायला उद्यापासून.”

हे म्हातारे म्हणजे मिठागराचे शेवटचे मुकादम. आम्ही त्यांना मामा म्हणायला लागलो आणि त्यांच्या बायकोला मामी. मामा मला शेवटपर्यंत ‘मोजनीवाला’च म्हणत राहिले.

घर गावात नव्हतं. गावापासून माझी चारशे बारा पावलं खाडीच्या दिशेने गेलं की मिठागराच्या बांधावर ते एकटंच उभं होतं. मिठागर नुकतंच बंद पडलेलं. वाफे कोरडे, त्यांतली माती भाजलेल्या खापरासारखी टणक. दार गावाकडे, म्हणजे डोंगराच्या बाजूला. निमुळतं टोक खाडीकडे. आत शिरलो तेव्हा बायको पहिल्यांदा काय म्हणाली असेल तर, “अहो, भिंती बाहेर फुगल्यात.” मी ओळंबा लावला. फुगल्याच होत्या, दोन्हीकडे सारख्या, मधोमध सव्वातीन इंच. मला वाटलं लाकूड वाकलंय. पण वाकलेलं लाकूड इतकं सारखं वाकत नाही.

दुसऱ्या दिवशी झाडताना तिला जमिनीच्या फळीत एक लाकडी बूच सापडलं. दोन इंच व्यासाचं, चिंधी गुंडाळून घट्ट बसवलेलं. घराच्या जमिनीला बूच कशाला असेल, यावर मी बराच विचार केला. उंदरांसाठी असेल, असं माझं मत पडलं. ती म्हणाली, “मामांना विचारा की.” मी म्हटलं, बघू.

भाद्रपदातल्या अमावास्येला उधाणाची भरती आली आणि बांध एके ठिकाणी फुटला. पाणी घरात चार बोटं चढलं. मला तेव्हा एकदम उमगलं : बूच काढायचं म्हणजे पाणी निघून जाईल. मी मोठ्या रुबाबात बूच उपसलं. पाणी गेलं नाही, आलं. नळ सोडावा तसा कारंजा उडाला, कारण बाहेरचं पाणी अजून आतल्यापेक्षा वर होतं. मी टाच भोकावर दाबून उभा राहिलो आणि बायको भांडी वर उचलत हसत सुटली. मामा गुडघाभर पाण्यातून येऊन दारात उभे राहिले, माझा पाय बघितला, आणि त्यांनाही हसू आवरेना.

“मोजनीवाल्या, बूच काडायच्या आदी भायेर बगायचा. पानी उतरला का मंग काडायचा. पोरगं पन सांगंल तुला.”

“पण घराला बूच कुणी लावलं?”

“आता इचारलास,” मामा म्हणाले, आणि टेबलावर पाय वर घेऊन बसले. भरती उतरेपर्यंत त्यांनी मला सगळं सांगितलं.

मिठागराच्या शेठला कामगारांसाठी बांधावरच एक खोली हवी होती, म्हणजे हंगामात माणसं रोज गावात ये-जा करणार नाहीत. मऊ बांधावर दगडमातीचं घर खचलं असतं. गवंडी नको म्हणाला, घरं बांधणारा सुतारही नको म्हणाला. त्याच सुमाराला मीठ मुंबईला नेणारा एक जुना पडाव, म्हणजे मोठी मालवाहू होडी, मोरा बंदराच्या धक्क्याजवळ मोडीत निघाला होता. शेठने त्याचं लाकूड आणवलं आणि लाकडाबरोबर मोऱ्याचा सुतारही आणवला. हा सुतार जन्मभर होड्या आणि पडाव बांधत आलेला. घर त्याने कधी बांधलं नव्हतं. शेठने सांगितलं, अकरा माणसं झोपतील अशी खोली कर. त्याने त्याला येत होतं ते केलं. वारा आणि पाणी खाडीकडून येतं, म्हणून तिकडे नाळ केली, म्हणजे होडीचं पुढचं निमुळतं तोंड. दोन्ही बाजूंच्या कुशी पडावासारख्या फुगवल्या. फळीला फळी भिडवून सांध्यात कापूस ठोसला, वर राळ आणि तेल. आणि सगळं झाल्यावर, सवयीने, तळाला भोक पाडून बूच बसवलं. शेठने विचारलं, हे काय? तर सुतार म्हणाला, “मंग पानी कसा काडनार?” त्याच्या मते पाणी येणार हे ठरलेलंच होतं. आणि ते आलंच की.

म्हणजे ते घर नव्हतं, बांधावर चढवून ठेवलेला पडाव होता आणि त्याला दार होतं. हे कळल्यावर माझी सगळी मापं एकदम सरळ झाली.

दाराजवळच्या पाचव्या फळीवर बारीक खाचा होत्या, अकरा रांगांत. मी त्या आधीच मोजून ठेवल्या होत्या. मला वाटत होतं मिठाच्या टोपल्यांचा हिशेब असेल. मामा म्हणाले, मिठाचा नाही, पाण्याचा. बांधावर गोडं पाणी नव्हतं. रोज एकाने गावातल्या विहिरीवरून दोन हंडे आणायचे, आणि आणले की आपल्या रांगेत एक खाच पाडायची. तिसरी रांग मामांची. सातव्या रांगेत खाचा सगळ्यांत कमी होत्या.

“यो कोण कामचुकार?” मी त्यांच्याच चालीवर विचारलं.

मामांनी मामीकडे बघितलं. ती नुकतीच भाकरी घेऊन आली होती. “यो माजा सासरा.”

“जल्ला तुजा तोंड!” मामी म्हणाली. “माज्या बापाचा पाय मुरगाललेला. आनि त्याच्या वाटंचं हंडं कोन हानत होता? मी! तवाच तर तुज्या नजरंत भरले.”

मामा मान खाली घालून भाकरी मोडत राहिले, पण हसत होते. लग्न झाल्यावर तीन वर्षं ती दोघं पावसाळ्यात, मिठाचं काम बंद असताना, याच घरात राहिली होती. मिठागर बंद झालं तेव्हा शेठने चार माणसांसमोर मामांना सांगितलं होतं, हे घर तुझं. कागद केला नव्हता. तोंडचा शब्द होता, आणि गावात तो पुरेसा होता.

दर वर्षी वैशाखात होड्यांची डागडुजी व्हायची तेव्हा मामा घराचीही करायचे. कापूस, राळ, तेल आणि एक बोथट छिन्नी घेऊन ते भिंतीशी बसायचे. एका भिंतीला तेरा सांधे, दोन भिंतींना सव्वीस, प्रत्येकी एकवीस फूट. एकूण पाचशे सेहेचाळीस फूट सांधा. पहिल्या वर्षी बायको शेजारी बसून बघत होती. दुसऱ्या वर्षी तिने छिन्नी हातात घेतली. मामी म्हणाली, बाईने होडीला हात लावायचा नसतो. मामा म्हणाले, “यो होडी नाय, घर हाय.” तिसऱ्या वर्षी त्यातला तीनशे फूट सांधा तिने एकटीने भरला, आणि त्या पावसात एकही थेंब आत आला नाही. नारळी पौर्णिमेला मामी नाळेवर हळदकुंकू लावायची आणि नारळ वाढवायची. तेव्हा मात्र ती होडी असायची. घर आणि होडी यांत त्यांना जे सोयीचं ते ती दोघं धरत, आणि मला त्यात काही चूक सापडली नाही. आमची मुलगी त्याच घरात झाली.

मग एके वर्षी मे महिन्यात सर्वेक्षणाच्या खुंट्या आल्या.

भरतीचं पाणी वळवायला एक मोठा नाला खोदायचा होता. त्याची रेघ बांधावरून, म्हणजे सरळ आमच्या घरातून जात होती. सर्वेक्षणाला आलेले साहेब तरुण होते, वागायला सभ्य, स्कूटरवरून यायचे. त्यांच्याजवळ छापील फॉर्म होता. मी मागे उभा राहून वाचत होतो. ‘बांधकामाचा प्रकार’ : लाकडी. ‘वापर’ : कामगार निवास. ‘मूल्य’ या रकान्यात त्यांनी लिहिलं : नगण्य.

“साहेब,” मी म्हणालो, “हे घर एका पडावाचं आहे.”

“असेल हो. पण कागद आहे का?”

कागद नव्हता. मामा घराच्या कुशीला हात लावून उभे होते, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.

आम्हाला दुसरी खोली मिळाली असती. माझ्या नावावर कारखान्यातून अर्ज गेलेला होता. पण मामांचं काय, हे मला त्या दिवशी कळलं. मुलं आपापल्या संसारात गेल्यावर आपण दोघांनी पुन्हा याच घरात राहायचं, असं त्यांनी आणि मामीने ठरवलेलं होतं. “मना सिमिटच्या घरान झोप नाय येत,” ते एवढंच म्हणाले. पाडलं तर त्या सागवानाची मोळी होऊन लिलावात गेली असती.

साहेबांना दया आली असावी. त्यांनी नियम समजावून सांगितला. बांधकाम असेल तर ते पाडणार, आणि त्याचं सामान कार्यालयात जमा. फळ्या सुट्या करून नेल्या तरी तेच. पण उचलून नेता येईल अशी वस्तू असेल, म्हणजे खाट, पेटी, गाडी, तर ती ज्याची त्याने न्यावी.

“होडी?” मी विचारलं.

“होडी असेल तर खुशाल न्या. पण मोडायची नाही. एका तुकड्यात. आजपासून आठव्या दिवशी संध्याकाळी पाचला मी येतो. तेव्हा ती तुमच्या परसात जोत्यावर बसलेली हवी. वाटेत अडकलेली दिसली तर मग मी नाही सोडणार, आधीच सांगतो.”

आठवा दिवस शुक्रवार होता, आमच्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी. मामा गावात फिरून आले आणि चाळीस माणसं ठरली. मोजमाप सगळं माझ्याकडे आलं. मी सात रात्री वही घेऊन बसलो. सहाशे बारा कौलं आधी उतरवायची. कौलं आणि सामान गेल्यावर घराचं वजन माझ्या हिशेबाने दीड टनाच्या आसपास. होडी ओढायचे गोल ओंडके गावात होतेच, माशाचं तेल होतं, दोर होते. घराचं दार गावाकडेच होतं, तेव्हा दाराच्या बाजूने दोर बांधून सरळ ओढायचं, चारशे बारा पावलं. मामांच्या परसात मी आठ दगड बसवून घेतले, रुंद बाजू डोंगराकडे, निमुळती खाडीकडे, सुतासुताला बरोबर. घर येईल आणि दगडांवर बसेल. कुठे वळवणं नको, फिरवणं नको. बोळ बारा फुटांचा होता, घर सव्वाअकरा फुटांच्या वर एक इंच. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

शुक्रवारी सकाळी सहाला मी पोचलो तर माणसं निमुळत्या टोकाला दोर बांधत होती.

“अहो, तिकडे नाही, इकडे! दाराकडून!”

चाळीस जण माझ्याकडे असे बघायला लागले की मी काहीतरी अभद्र बोललो असावं.

“शेपटीकडनं?” एक जण म्हणाला. “नाव कवा शेपटीकडनं वर काडतात?”

“पण मग आधी घर उलटं फिरवावं लागेल. आणि तिकडे पोचल्यावर पुन्हा उलटं. दोनदा फिरवून शेवटी तोंड जिथल्या तिथेच!”

“बरोबर बोलतंय,” मामा शांतपणे म्हणाले. “वर जाताना नाळ पुडं. उबा ऱ्हाताना नाळ पान्याकडं. तू कवा इचारलाच नाय, मना वाटला तुला म्हाईत हाय.”

सात रात्रींत मी हा एक प्रश्न विचारला नव्हता.

वाफ्यांत जागा मोकळी होती. दहा मिनिटांत त्यांनी घर फिरवलं. मग एकाने आरोळी दिली, बाकीच्यांनी उचलून धरली, आणि घर चाललं. मी त्या घरात तोपर्यंत सहा वर्षं झोपलो होतो आणि ते आता माझ्यापुढून चालत होतं, डुलत, करकरत, नाळ पुढे काढून. मागचे ओंडके मोकळे झाले की पोरं ते उचलून पुढे पळायची. मुलीला मामीने कडेवर घेतलं होतं आणि ती टाळ्या वाजवत होती. गावातल्या बायका बांधावर उभ्या राहून मामांना चिडवत होत्या, “काय मुकादम, वरात कुनाची?” मामा म्हणाले, “माजीच! दुसऱ्यांदा!” मामीने त्यांच्या दिशेने एक ढेकूळ भिरकावलं.

पावणेतीनला घर बोळातून परसात शिरलं, दोन्ही बाजूंना चार-चार इंच सोडून. तिथे ते थांबलं. नाळ डोंगराकडे. माझे दगड उलट्या बाजूने मांडलेले, आठातला एकही जागी बसेना.

आता फिरवायचं. एका बाजूला विहिरीचा कठडा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याच्या गोठ्याची दगडी भिंत. मी टेप लावला. तेवीस फूट नऊ इंच. दारावर खडूने गणित मांडलं. एकवीस फूट लांब आणि अकरा फूट चार इंच रुंद वस्तू जागच्या जागी फिरवायची तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तेवीस फूट दहा इंच लागतात. मी पुन्हा मांडलं. तेच आलं.

“बसत नाही,” मी म्हणालो. “एक इंच कमी पडतो.”

मग मी म्हटलं, घर बोळातून बाहेर काढू, मोकळ्यावर फिरवू आणि दाराकडून आत घेऊ.

“शेपटीकडनं?” मामी म्हणाली. “माज्या परसान? मी हाय तवर नाय.”

साडेतीन वाजले होते. मामा नाळेला टेकून खाली बसले. त्यांनी डोक्यावरचं फडकं काढून गुडघ्यावर ठेवलं. त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी नाळेच्या फळ्या मागे रुंद होत गेलेल्या दिसत होत्या, आणि त्या बघताना मला माझी चूक दिसली. मी घर चौकोनी धरलं होतं. दोन्ही टोकांना अकरा फूट चार इंच! मोऱ्याच्या सुताराने पुढचं टोक आठ फूट दोन इंच केलं होतं, हे माझ्याच वहीत पहिल्या पानावर होतं. मी सगळं पुसलं आणि नव्याने मांडलं. निमुळतं टोक आत घसरत असल्यामुळे घर बरोबर मध्यावर न फिरवता थोडं दाराकडच्या बिंदूवर फिरवलं, तर तेवीस फूट तीन इंचांत फिरतं. सहा इंच उरतात. बाजूला तीन-तीन.

“मामा, उठा,” मी म्हणालो. “दारापासून दहा फूट दीड इंच.”

“काय?”

“त्या जागी खाली काहीतरी गोल, गुळगुळीत ठेवायचं. टेकू. त्यावर फिरेल. एक इंचसुद्धा इकडेतिकडे नको.”

सगळ्यांची नजर गोल आणि गुळगुळीत वस्तू शोधायला लागली आणि पडवीतल्या जात्यावर थांबली.

“माजा जाता?” मामी ओरडली. “पंधरा मान्सांचा पीठ दलतंय मी त्याच्यावर!”

“आज घर दळ,” मामा म्हणाले.

दोन्ही टोकांना वीस-वीस माणसं खांदा लावून उभी राहिली, घर हातभर उचललं, मी पोटावर सरपटत खाली गेलो, दारापासून मोजून फळीला खडूची खूण केली आणि जातं बरोबर तिच्याखाली ठेवलं. मामीने स्वतः जात्याच्या वरच्या पाळीला तेल चोपडलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घर जात्यावर टेकलं. बायको विहिरीच्या कठड्याशी वाकून बसली, मी गोठ्याच्या भिंतीशी.

“होय्या!” म्हणून त्यांनी ढकललं, आणि घर फिरलं. कण्हलं, पण फिरलं.

“चार बोटं!” बायको ओरडली. “चार! अजून चार! तीन! अहो, तीन आहेत!”

“इकडे चार!” मी ओरडलो. “थोडं माझ्याकडे येऊ द्या!”

“चार! चारच! या, या, या!”

मध्येच स्कूटरचा आवाज आला. साहेब बोळात उभे होते, फाईल काखेत, आणि घर त्यांच्यासमोर गोल फिरत होतं. रुंद कोपरा गोठ्याच्या भिंतीला आला तेव्हा त्या बाजूचा एक माणूस घसरला आणि घर जरा कललं. साहेबांनी फाईल विहिरीच्या कठड्यावर ठेवली, चपला काढल्या आणि त्या जागी खांदा लावला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. “ढकला,” ते दात आवळून म्हणाले, “बघताय काय!”

कोपरा भिंतीजवळून गेला. माझी चार बोटं मध्ये होती, मी ती शेवटच्या क्षणी काढली. नाळ खाडीकडे वळली आणि परसात एवढा आरडाओरडा झाला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून निघाली. मग ओंडके, पहारी, आणि एकेक करत आठ दगड. सात दगडांवर घर सुतासुताला बसलं. आठव्यावर अंगठ्याएवढी फट राहिली. मी तिथे पाचर ठोकली. ती पाचर आजही आहे. दगड का चुकला ते मला अजून सापडलेलं नाही.

पाचला दहा मिनिटं कमी होती. साहेबांनी शर्टाने तोंड पुसलं, फाईल उघडली आणि ‘बांधकामाचा प्रकार’ खोडून लिहिलं : ‘बांधकाम नव्हे. हलवता येणारी वस्तू. मालकाने नेली.’ मालकाने, हा शब्द त्यांनी लिहिला तेव्हा मी तो दोनदा वाचून घेतला. पहिल्यांदा तो कुठेतरी कागदावर आला होता. मग त्यांची पेन्सिल ‘मूल्य’ या रकान्यावर थांबली.

“इथे काय लिहू?” त्यांनी मला विचारलं. “तुम्ही आकडेवाले दिसताय.”

माझ्याजवळ खूप आकडे होते, पण तिथे बसेल असा एकही नव्हता. मामा म्हणाले, “लिवा, तोंड पान्याकडं हाय.”

साहेब हसले. त्यांनी ‘नगण्य’ खोडलं आणि रकाना मोकळा सोडला.

मुलीच्या बाईंना मी आता एवढंच कळवणार आहे. किल्ल्याचे दगड कुणी घडवले ते कुणाला ठाऊक नसतं. या घरात अकरा माणसांनी आणलेल्या पाण्याची नोंद आहे, कुणी कमी आणलं तेही आहे, आणि एका सुताराने सवयीने निमुळतं ठेवलेलं टोक आहे, ज्याच्यामुळे ते घर त्या परसात फिरू शकलं. माझ्या मते याला वास्तू म्हणायला हरकत नाही. त्यांनी यावं, मी टेप घेऊन येतो.

त्या संध्याकाळी सगळे चहा प्यायला पडवीत गेले तेव्हा मामा घरात शिरले. मी पाचर तपासत होतो म्हणून मला दिसलं. वर कौलं नव्हती, घर आभाळाला उघडं होतं. मामा गुडघ्यांवर बसले आणि हाताने जमिनीच्या फळ्या चाचपत गेले. बूच सापडल्यावर त्यांनी ते अंगठ्याने दाबून बघितलं. घट्ट होतं. मग ते भिंतीला पाठ लावून, तिसऱ्या रांगेच्या खाचांखाली पाय पसरून बसले आणि त्यांनी मामीला हाक मारली.

“ये गो. आता पानी येव दे.”